कच्छमधील जुरासिक अमोनाइटांचा अभ्यास नागपुरात राहून कसा करावा?

शंखरेषा (धरमपेठ, नागपूर)

सर्व जाणकार सदस्यांना सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षाला शिकत आहे. लघुप्रबंधासाठी कच्छमधील जुरासिक काळातील अमोनाइट (वेटोळ्याच्या शंखात राहणारे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) हा विषय घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु विषय पक्का करण्यापूर्वी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींचा सल्ला घ्यावा, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या परिचयातील एका निवृत्त प्राध्यापकांनी पूर्वी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींत जमवलेले साठेक नमुने माझ्या स्वाधीन केले आहेत. त्यांत बहुसंख्य अमोनाइट आहेत, काही बेलेम्नाइटांचे (माकूळसदृश प्राचीन प्राण्यांचे) तुकडे आहेत आणि दोन-तीन शंख नॉटिलसच्या जातकुळीतले वाटतात. अडचण अशी आहे की बहुतेक चिठ्ठ्यांवर केवळ ‘कच्छ, चारी’ एवढेच लिहिले आहे, काहींवर ‘जुमारा’ आणि काहींवर ‘ढोसा’ असा उल्लेख आहे, तर उरलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई पुसट झाल्यामुळे काहीच वाचता येत नाही. कोणत्या थरातून कोणता नमुना काढला, याची नोंद कोठेही नाही.

एका नमुन्याचे वर्णन करते, म्हणजे साहित्याची कल्पना येईल. तो तळहाताएवढा आणि चांगला जाडजूड आहे. एका बाजूचे कवच निघून गेले आहे, त्यामुळे आतल्या दगडी साच्यावर पानांच्या कडांसारख्या नागमोडी रेषा स्वच्छ दिसतात. वेटोळ्याच्या मधल्या खोलगट भागात तपकिरी रंगाचे, खसखशीएवढे गोल कण घट्ट चिकटून बसलेले आहेत. बरगड्या आतल्या वेटोळ्यांवर बारीक व दाट आहेत, परंतु शेवटच्या अर्ध्या वेटोळ्यावर त्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. थराची नोंद नसलेल्या नमुन्यांवर लघुप्रबंध उभा राहू शकतो काय? जातीपर्यंत ओळख पटवण्यासाठी जुन्या ग्रंथांतील चित्रांशी नमुना ताडून पाहणे पुरेसे आहे काय? विदर्भात सागरी जुरासिक खडक नसताना हा विषय घेणे कितपत व्यवहार्य आहे, अशी शंका माझ्या मार्गदर्शकांनी उपस्थित केली आहे आणि ती मला रास्त वाटते. शेवटची गोष्ट म्हणजे माझ्या काकांना नागपूरच्या टाकळी परिसरातील चर्टच्या (गारगोटीसारख्या कठीण खडकाच्या) एका तुकड्यात वेटोळ्याच्या आकाराचा शंख सापडला असून तो अमोनाइटच आहे, असे ते ठामपणे म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

निवृत्त सर्वेक्षक (सेमिनरी हिल्स, नागपूर)

तुमचा प्रश्न अतिशय नेटका मांडलेला आहे. प्रथम काकांच्या शंखाबद्दल लिहितो, कारण ती शंका लवकर मिटण्यासारखी आहे.

टाकळीचे जीवाश्मयुक्त थर दक्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेले आहेत. त्यांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे, म्हणजे जुरासिक काळ संपल्यानंतर जवळजवळ ८ कोटी वर्षांनी ते निर्माण झाले. शिवाय ते गोड्या पाण्याच्या तळ्यांतील आहेत आणि अमोनाइट हा संपूर्णपणे सागरी प्राणी होता. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच परिसरातून जीवाश्म जमवले. तेव्हापासून येथील फायसा या गोगलगायीचे शंख प्रसिद्ध आहेत आणि काकांना बहुधा त्यांपैकीच एक सापडला असावा. खात्री करून घ्यायची असेल तर तुटलेल्या कडेकडून भिंगाने पाहावे. गोगलगायीच्या शंखात टोकापर्यंत एकच सलग पोकळी असते, अमोनाइटाच्या शंखात मात्र आडवे पडदे असतात. पडदे नसतील तर बाकीचे साम्य वरवरचे समजावे. काकांचा शंख तरीही जपून ठेवण्याजोगा आहे आणि तो कोठे सापडला हे त्यांनी आजच लिहून ठेवावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. कच्छच्या जुरासिक खडकांची पच्छम, चारी, कत्रोल आणि उमिया ही चौपदरी विभागणी फर्डिनांड स्टोलिच्का यांनी केली. त्यांनी १८७१-७२ च्या सुमारास थर पाहून जीवाश्म गोळा केले. परंतु १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाचे वर्णन विल्हेल्म वागेन यांनी ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मालिकेत केले आणि ते १८७५ पर्यंत पूर्ण झाले. पुढे १९२७ ते १९३३ या काळात एल. एफ. स्पाथ यांनी त्याच मालिकेत संपूर्ण फेरमांडणी केली. तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात हे खंड नसतील तर जुने खंड आता डिजिटल स्वरूपातही पाहावयास मिळतात. हे सांगण्याचे कारण असे की वागेन यांच्याकडे आलेल्या नमुन्यांना थरांचा आधार होता, म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही त्या कामावर विसंबून पुढे जाता येते.

तुमच्या चिठ्ठ्यांवरील ‘चारी’ या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. जुन्या विभागणीत चारीमध्येच मॅक्रोसेफॅलस, अँसेप्स व अ‍ॅथलेटा हे अमोनाइटांच्या नावांचे थर आणि सर्वांत वर ढोसा ऊलाइट (बारीक गोल कणांचा खडक), असा सगळा क्रम येतो. त्यात जुरासिकचे कॅलोव्हियन (आधीचा) आणि ऑक्सफर्डियन (नंतरचा) असे दोन कालविभाग सामावलेले आहेत. ‘जुमारा’ या चिठ्ठीबाबत अधिक सावध राहावे. जुमारा हे गावाचे आणि तेथील घुमटाकार टेकड्यांचे नाव आहे. परंतु १९७७ मध्ये एस. के. बिस्वास यांनी कच्छच्या मुख्य भूभागासाठी झुरियो, जुमारा, झुरान आणि भूज अशी नवी शैलसमूहांची विभागणी मांडली, त्यानंतर ‘जुमारा’ ही चिठ्ठी स्थळाची आहे की शैलसमूहाची, हे चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते. ‘ढोसा’ची गत तीच आहे, कारण ते गावही आहे आणि थरही. प्राध्यापक महोदय हयात आहेत, हे तुमचे भाग्य समजा. त्यांच्यासमोर नमुने मांडून बसा, क्षेत्रभेटीच्या जुन्या वह्या आणि छायाचित्रे आहेत का ते विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून काढा. आठवणीतून आलेली माहिती ‘आठवणीतून’ अशीच नोंदवावी. मूळ चिठ्ठीशी तिची सरमिसळ करू नये.

दुसरा पुरावा नमुन्यालाच चिकटलेला आहे. वेटोळ्याच्या मधल्या भागाला आपण नाभी म्हणतो. तेथील तपकिरी कण हे लोहयुक्त ऊलाइट आहेत, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. कच्छमध्ये असा खडक मुख्यतः दोन पातळ्यांवर भेटतो. चारीच्या खालच्या भागातील सोनेरी ऊलाइट ही एक पातळी आणि चारीच्या माथ्यावरील ढोसा ऊलाइट ही दुसरी. म्हणून पहिली सूचना अशी, की नमुने स्वच्छ करण्याच्या उत्साहात नाभीतील खडक खरवडून टाकू नये. अनेक हौशी संग्राहक नेमके तेच करतात आणि चकचकीत शंखाबरोबर त्याचा उरलासुरला पत्ताही घालवून बसतात. आम्ल तर मुळीच वापरू नये. मऊ कुंचला, पाणी आणि बारीक सुई एवढ्यावर काम भागवावे.

थराची नोंद नसलेल्या संग्रहावरून ‘अमुक जाती अमुक पातळीपासून अमुक पातळीपर्यंत आढळते’ असे विधान करता येणार नाही. ही मर्यादा प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहावी. नव्या जातीचे नाव देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

अंतर्वेटोळे (अमरावती)

सर्वेक्षक सरांनी लिहिलेले सर्व योग्यच आहे. परंतु चिठ्ठी नसलेला अमोनाइट अगदीच मुका असतो, असा समज शंखरेषा यांनी करून घेऊ नये. मी महाविद्यालयात जीवाश्मशास्त्र शिकवते आणि माझ्या मते या संग्रहातून दोन चांगली कामे होऊ शकतात.

पहिले काम प्रजातीपर्यंतच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंतच्या) ओळखीचे. अमोनाइट फार वेगाने बदलत गेले आणि समुद्रात दूरवर पसरले, म्हणूनच आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात त्यांच्या आधारे जुरासिक थरांचे बारीक पट्टे पाडले आणि ती पद्धत आजही चालू आहे. कच्छच्या बाबतीत फुगीर वेटोळी, अरुंद नाभी आणि दाट बरगड्या असलेला मॅक्रोसेफॅलाइटिस मुख्यतः कॅलोव्हियनच्या खालच्या भागाकडे बोट दाखवतो. वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेवर बरगड्या तुटून मधोमध गुळगुळीत पट्टी राहिलेली असेल आणि बाजूंवर गुठळ्या असतील, तर रायनेकिया असण्याची शक्यता तपासावी. तो मधल्या कॅलोव्हियनमधील महत्त्वाचा अमोनाइट आहे. मायाइटिस मिळाला तर ऑक्सफर्डियनचा विचार करावा. हे नाव स्पाथ यांनी दिलेले असून हा गट कच्छबरोबरच मादागास्कर आणि हिमालयातही सापडतो, म्हणजे त्या काळी हे किनारे एकाच दक्षिणी सागरी प्रांताचे भाग होते. तेव्हा प्रजाती ओळखली की वयाचा अंदाज मिळतो. मात्र हे वय वापरून त्याच प्रजातीच्या कालमर्यादेबद्दल निष्कर्ष काढला, तर आपण आपल्याच शेपटीमागे धावू लागतो. सरांचा इशारा त्या अर्थाने घ्यावा.

जातीच्या पातळीवर मात्र जुन्या चित्रांशी तुलना करून थांबू नये. वागेन आणि स्पाथ यांनी बारीकसारीक फरकांवरून पुष्कळ जाती वेगळ्या केल्या. वेटोळ्याची जाडी किंवा बरगड्यांची संख्या थोडी वेगळी दिसली, की स्वतंत्र नाव, असा तो काळ होता. पुढे १९६२ मध्ये माकोव्स्की आणि १९६३ मध्ये कॅलोमन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की अनेकदा ‘दोन जाती’ म्हणून वर्णिलेले शंख एकाच जातीच्या नर-मादीचे असावेत. मोठ्या शंखाला मॅक्रोकॉन्क आणि लहानाला मायक्रोकॉन्क म्हणतात. दोघांची आतली वेटोळी सारखीच असतात. फरक प्रौढ वयात पडतो. मोठ्या शंखाच्या शेवटच्या वेटोळ्यावर बरगड्या बहुधा पुसट होतात, लहानात त्या शेवटपर्यंत टिकतात आणि पुष्कळ कुळांत लहान शंखाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या पाकळ्या असतात. कच्छच्या अमोनाइटांतील या द्विरूपतेवर जादवपूर विद्यापीठातून महत्त्वाचे काम झाले आहे, ते अवश्य मिळवून वाचा. तुमच्या तळहाताएवढ्या नमुन्यावरील पुसट होत गेलेल्या बरगड्या वाचताच मला प्रौढ मॅक्रोकॉन्कची आठवण झाली.

परंतु तो प्रौढ आहे हे सिद्ध करावे लागेल, आणि तुमचे दुसरे काम येथून सुरू होते. प्राणी वाढत असताना मागे मागे पडदे बांधत पुढे सरकतो. हा पडदा कवचाला जेथे भिडतो तेथे शिवणरेषा उमटते. ती रेषा कवचाखाली असते, म्हणून कवच निघालेल्या आंतरसाच्यावरच दिसते आणि त्या दृष्टीने तुमचा अर्धवट सोललेला नमुना फार उपयोगाचा आहे. वाढ संपत आली की शेवटचे काही पडदे एकमेकांच्या अगदी जवळ येतात. नमुना किंचित ओला करून, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून शेवटच्या शिवणरेषांमधील अंतरे मोजा. ती आधीच्या अंतरांपेक्षा स्पष्टपणे घटली असतील आणि त्याच सुमारास वेटोळे नाभीपासून किंचित सुटू लागले असेल, तर प्रौढत्वाला दोन स्वतंत्र पुरावे मिळाले. जेथे शेवटचा पडदा आहे तेथून पुढचा भाग म्हणजे राहण्याचा कप्पा. छायाचित्रावर त्या जागी खूण करण्याची पद्धत आहे.

मोजमापे साध्या व्हर्नियर कॅलिपरने होतात. प्रत्येक नमुन्याचा व्यास, नाभीची रुंदी, वेटोळ्याची उंची आणि जाडी घ्यावी. केवळ सर्वांत मोठ्या व्यासावर न थांबता शक्य असेल तेथे आतल्या वेटोळ्यांवरही मापे घ्यावीत, कारण एकाच शंखाचे प्रमाण वयानुसार बदलते आणि लहान वयाच्या एका शंखाची मोठ्या वयाच्या दुसऱ्याशी तुलना केल्यानेच पुष्कळ खोट्या जाती निर्माण झाल्या आहेत. अर्ध्या वेटोळ्यावरील बरगड्या मोजताना नाभीकडून निघणाऱ्या मूळ बरगड्या वेगळ्या आणि बाहेरच्या कडेकडे फुटणाऱ्या दुय्यम बरगड्या वेगळ्या मोजाव्यात. छायाचित्रापूर्वी नमुन्यावर नवसागराचा पातळ पांढरा लेप बसवतात, म्हणजे रंगांचे डाग झाकले जाऊन बरगड्या उठून दिसतात. हे काम प्रयोगशाळेतील धुराड्याखालीच करावे आणि नंतर नमुना पाण्याने धुवावा. शंखाचे तोंड वरच्या बाजूला ठेवून छायाचित्र घेण्याचा संकेत पाळावा.

गाभारेषा (वर्धा)

अमोनाइटांच्या गर्दीत बेलेम्नाइटांकडे आणि नॉटिलॉइडांकडे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून थोडेसे लिहितो.

नॉटिलॉइड ओळखण्यासाठी शिवणरेषा पाहावी. ती साधी, हलक्या वळणाची असते; अमोनाइटासारखी दातेरी व फाटेफुटीची नसते. शिवाय पडद्यांतून जाणारी नळी नॉटिलॉइडात मध्यभागाच्या आसपास असते, तर अमोनाइटात ती वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेला चिकटून असते. कच्छच्या कॅलोव्हियनमधून पॅरासेनोसेरास ही प्रजाती परिचित आहे. तुमचे दोन-तीन शंख तिच्याशी ताडून पाहा.

बेलेम्नाइटाचा जो दंडगोल भाग आपल्या हाती येतो तो त्या माकूळसदृश प्राण्याच्या शरीरातील मागचे टोक होय. आडवा छेद पाहिल्यास केंद्रापासून बाहेर जाणारे कॅल्साइटचे तंतू आणि वाढीची वर्तुळे दिसतात. अमोनाइटाचे कवच अ‍ॅरागोनाइटचे असल्यामुळे ते सहज विरघळते किंवा बदलते. बेलेम्नाइटाचा दंड मात्र मुळातच कॅल्साइटचा असतो, त्यामुळे त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन समुद्राच्या तापमानाचा अंदाज घेता येतो आणि कच्छच्या नमुन्यांवरही असे काम झाले आहे. ओळख पटवताना खोबण पाहावी. बेलेम्नॉप्सिसमध्ये ती जवळजवळ पूर्ण लांबीभर जाते, हिबोलाइथिसमध्ये दंड मध्ये फुगीर असून खोबण पुढच्या भागापुरती असते. तुकड्याचे टोक तुटलेले असेल तर नाव ठरवण्याची घाई करू नये.

एक विनंतीही आहे. आपल्याकडे अनेक देवघरांत शाळिग्राम असतात आणि त्यांतील पुष्कळांत नेपाळमधील गंडकीच्या खोऱ्यातून आलेले, जुरासिकच्या उत्तरार्धातील अमोनाइट असतात. तुलनेसाठी ते पाहावयाचे असतील तर घरच्यांच्या परवानगीने, हात लावण्याची त्यांची रीत सांभाळून पाहावेत आणि केवळ छायाचित्रावर समाधान मानावे.

शंखरेषा (धरमपेठ, नागपूर)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. काकांच्या शंखात पडदे नाहीत, हे भिंगाखाली पाहून त्यांनी स्वतःच मान्य केले आणि सापडल्याची जागा चिठ्ठीवर लिहून ठेवली.

अंतर्वेटोळे मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्या मोठ्या नमुन्यावर मी तिरपा प्रकाश टाकून शिवणरेषा तपासल्या. शेवटच्या तीन रेषा इतक्या जवळ आहेत की त्यांच्या पानाकृती फाट्यांची टोके एकमेकांत अडकलेली दिसतात. त्याआधीच्या रेषांमध्ये मात्र मोकळी जागा आहे. वेटोळेही त्याच सुमारास नाभीपासून सुटलेले आहे.

परंतु हे पाहताना एक नवीनच गोष्ट लक्षात आली आणि तिचा अर्थ कसा लावावा हे कळत नाही. राहण्याच्या कप्प्यात भरलेला खडक फिकट राखाडी, अगदी बारीक कणांचा चुनखडक आहे. त्यात तपकिरी गोल कण एकही दिसत नाही. ते कण फक्त बाहेरून, नाभीत आणि साच्याच्या एका बाजूला चिकटलेले आहेत. शिवाय ज्या भागावर कवच नाही, त्या उघड्या साच्यावर दोन बारीक, वळणदार पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या आहेत आणि त्यांपैकी एक नळी थेट शिवणरेषेवरून गेली आहे. शेजारी टाचणीच्या टोकाने पाडावीत तशी भोकेही आहेत आणि त्यांतल्या काहींत तपकिरी कण भरलेले आहेत. हे नमुना हाताळताना झालेले नुकसान असेल काय? असे आणखी नमुने संग्रहात आहेत.

निवृत्त सर्वेक्षक (सेमिनरी हिल्स, नागपूर)

हे नुकसान नव्हे. तुम्ही वर्णिलेली खूण मिळण्यासाठी लोक मुद्दाम शोध घेतात, तेव्हा हा नमुना आता कुंचल्यानेही पुन्हा घासू नका.

पांढऱ्या नळ्या बहुधा सर्प्युलिड गटातील, नळी बांधून राहणाऱ्या सागरी कृमींच्या आहेत. त्यांना चिकटण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो. त्या कवचावर असत्या तर प्राणी जिवंत असताना किंवा मेल्यानंतर लगेच बसल्या, एवढेच म्हणता आले असते. परंतु एक नळी शिवणरेषेवरून गेली आहे, याचा अर्थ ती बसली तेव्हा कवच विरघळून गेले होते आणि आतला चिखल दगडासारखा घट्ट झाला होता. म्हणजे घटनाक्रम असा लागतो : अमोनाइट मेला, त्याचा शंख राखाडी चुन्याच्या चिखलात पुरला गेला, आतला चिखल घट्ट झाला, कवच अंशतः विरघळले, नंतर प्रवाहांनी वरचा गाळ धुऊन नेल्यामुळे तो साचा समुद्रतळावर उघडा पडला, त्यावर कृमी बसले, दुसऱ्या प्राण्यांनी भोके पाडली आणि शेवटी लोहयुक्त ऊलाइटाच्या गाळात तो दुसऱ्यांदा पुरला गेला. भोकांत भरलेले तपकिरी कण हा या क्रमाचा शेवटचा दुवा आहे.

ढोसा ऊलाइटच्या माथ्यावरील गोट्यांचा थर याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे गाळ साचण्याची गती अत्यंत मंद होती, मधूनमधून तळाची धूपही होत होती, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी जगलेले अमोनाइट एकाच पातळ थरात एकत्र आलेले सापडतात. तुमचा नमुना त्याच थराचा आहे असे मी म्हणत नाही, कारण ते येथे बसून ठरवता येणार नाही. परंतु असे नमुने संग्रहात असतील, तर नाभीतील कणांवरून अमोनाइटाचे वय ठरवण्याचा जो मार्ग मी आधी सुचवला होता, त्याला एक पायरी जोडावी लागेल. बाहेरचा खडक दुसऱ्या पुरण्याचा साक्षीदार आहे. प्राणी जगला तो काळ आतल्या राखाडी भरणीपाशी आणि शंखाच्या प्रजातीपाशी शोधावा लागेल.

यावरून मला असे वाटते की तुमच्या लघुप्रबंधाचा विषय या संग्रहानेच सुचवला आहे. जातींची यादी करण्याऐवजी साठही नमुन्यांची जतनावस्था तपासा. प्रत्येकासाठी कप्प्यातील भरणी, बाहेरचा खडक, कवच कोठे शिल्लक आहे, नळ्या व भोके कवचावर आहेत की साच्यावर, ती एकाच बाजूला आहेत की दोन्ही बाजूंना, या गोष्टी नोंदवा. एकाच बाजूला असतील तर साचा उघडा पडल्यावर फारसा उलटला नाही. दोन्ही बाजूंना असतील तर तो लोळला असावा. पडद्याआडचे काही कप्पे अर्धे गाळाने आणि अर्धे स्फटिकांनी भरलेले आढळतील. गाळाची सपाट पातळी ही पहिल्या पुरण्याच्या वेळची आडवी पातळी असते, त्यामुळे शंख तेव्हा कसा पडला होता हे समजते आणि शेजारच्या कप्प्यांतील पातळ्या एकमेकींशी जुळतात का, हेही पाहता येते. या कामाला थराची नोंद असती तर सोन्याहून पिवळे झाले असते. परंतु ती नसतानाही यातील प्रत्येक निरीक्षण नमुन्यातच आहे आणि कोणालाही पुन्हा तपासता येण्याजोगे आहे. मार्गदर्शकांनाही हे पटावे, कारण यासाठी सागरी जुरासिक खडक विदर्भात असण्याची गरज नाही. एक चांगली द्विनेत्री सूक्ष्मदर्शिका आणि शांतपणे बसायला टेबल पुरेसे आहे.

अंतर्वेटोळे मॅडमनी सुचवलेली मोजमापे अवश्य घ्या, मात्र धूप झालेल्या साच्यांची जाडी कमी भरू शकते, म्हणून ती मापे वेगळ्या रकान्यात ठेवा. जातीच्या नावाबाबत जेथे खात्री नसेल तेथे केवळ प्रजातीचे नाव लिहून थांबा. परीक्षक त्याला कमीपणा मानणार नाहीत. वागेन यांचे मूळ नमुने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात आहेत, तेव्हा पुढे संशोधन करावेसे वाटले तर तेथे रीतसर अर्ज करता येईल.

कच्छला जाण्याची संधी मिळाली तर हिवाळ्यात जा. उत्तरेकडील भाग सीमेजवळ असल्याने स्थानिक प्रशासनाची आणि तुमच्या विभागाची लेखी परवानगी बरोबर ठेवा. उघड्यावर सुटे पडलेले शंख पिशवीत भरत बसण्यापेक्षा ढोसा ऊलाइटचा एखादा उभा छेद निवडा आणि थरात रुतलेला प्रत्येक अमोनाइट काढण्यापूर्वी त्याची वरची बाजू पेन्सिलने खुणेने दाखवा, म्हणजे कृमींच्या नळ्या वरच्या अंगाला आहेत की खालच्या, हे नागपुरात परत आल्यावरही सांगता येईल. तोपर्यंत बाहेरच्या खडकाचा जो तुकडा आपोआप सुटून आला असेल, केवळ त्याचाच पातळ छेद करून घ्या. शंखाला करवत लावू नका.